म्हैसमाळला नेलेली खुर्ची

आमच्या शहरात सहलीचा दिवस नळ ठरवतो. ज्या दिवशी पाणी येणार असतं त्या दिवशी घर सोडता येत नाही. टाकी, पिंप, बादल्या भरून होईपर्यंत सगळे घरात अडकलेले. मग उरलेल्या दिवसांत रविवार बसतो का ते बघायचं. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, पण ते ज्ञान पाहुण्यांच्या उपयोगाचं. आम्ही घरचे लोक लेणी बघायला जात नाही. आम्ही नुसते बाहेर पडतो. छावणी ओलांडली, मिटमिटा मागं पडलं, की माझी बायको काच खाली करते आणि म्हणते, ‘सुटलो.’

गेल्या दोनेक वर्षांत आम्ही तिघं असे बरेच रविवार बाहेर पडलो. मी, बायको आणि माझे वडील. मुलगी शिकायला पुण्यात असते. आई जाऊन काही वर्षं झाली. लोकांना आमचं कौतुक वाटायचं. उस्मानपुऱ्यात आमच्या इमारतीतल्या एक बाई बायकोला म्हणाल्याही होत्या, ‘म्हाताऱ्या माणसाला दर रविवारी फिरवतो असा मुलगा आजकाल कुठं बघायला मिळतो?’ बायकोनं मला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडं बघत नव्हती. या सहली का सुरू झाल्या ते तिला माहीत होतं.

वडील लाल बसवर ड्रायव्हर होते. कन्नडच्या घाटात त्यांनी धुक्यात, पावसात, एक दिवा गेलेला असताना बस चढवली आणि उतरवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि तिच्यावरचा हक्क कधी सोडला नाही. मी पन्नाशीला आलो तरी माझ्या चालवण्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

एकदा शहागंजच्या चौकात त्यांनी केळ्याच्या हातगाडीला धक्का दिला. मी शेजारी होतो. केळीवाला ओरडला, ‘चाचा, दिखता नहीं क्या? इत्ता बडा ठेला खडा है!’

‘खडा काय का खडा? तू बीच में आया,’ वडील म्हणाले.

हातगाडीच्या चाकांना दगड लावलेले होते. ती सकाळपासून जागची हललेली नव्हती.

डोळे तपासले तर काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांना, डावीकडं जास्त. त्यांना समोरचं दिसत होतं, कडेचं दिसत नव्हतं. गेलेली नजर परत येणार नव्हती, राहिलेली थेंब टाकून टिकवायची होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘गाडी बंद करा त्यांची.’ त्याच वेळी वडील बाहेरच्या बाकावर बसून पेपरातल्या छोट्या जाहिराती मोठ्यानं वाचत होते, मला ऐकू जाव्यात म्हणून.

‘तुम्हीच सांगा त्यांना,’ बायको म्हणाली. ‘मी सून. मी कसं म्हणू, मामा, किल्ली द्या?’

‘सांगतो.’

‘कधी?’

‘रविवारी. बाहेर गेल्यावर, निवांत.’

अशा रीतीनं आमच्या सहली सुरू झाल्या. मोकळ्यावर गेल्यावर बोलणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. आम्ही सूलिभंजनला गेलो, दत्ताच्या पायऱ्यांवर बसलो, मी बोललो नाही. दौलताबादला पेरू खाल्ले, तिथंही नाही. वेरूळच्या अलीकडं रसवंतीवर तिघांनी रस घेतला, वडिलांनी ग्लास ठेवला आणि म्हणाले, ‘काय म्हणत होतास?’ मी म्हणालो, ‘काही नाही, बर्फ जास्त आहे.’ प्रत्येक वेळी येताना-जाताना गाडी मी चालवत होतो, तुमची पाठ आखडलीय, नका चालवू असं काहीबाही सांगून. आठवडाभर मात्र किल्ली त्यांच्याकडं असायची आणि भाजीला, बँकेत, देवळात ते गाडी घेऊन जायचे. मी कंपनीत असताना फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघायचो.

वडील शेजारी बसून मला सुधरवायचे. ‘क्लचवर पाय ठिवूनच चालवायचं असतं व्हय रे? पायदान हाय का ते?’ किंवा, ‘काढ की पुढं. का वरात घेऊन निघालाय?’ बायको मागून हसायची. मीही हसायचो. ते दिवस वाईट नव्हते.

शेवटी विषय त्यांनीच काढला. त्यांना कळत नव्हतं असं थोडंच होतं. एका रविवारी परत येताना ते म्हणाले, ‘तुला माझ्या हातून गाडी काढून घ्यायचीय ना? तोंडानं बोल की. लई दिवस झालं, नुसता फिरवायलास मला.’

मी गिअर बदलला.

‘मंग आपण असं करू. म्हैसमाळच्या वर मोकळा माळ हाय, तिथं कुणी नसतं. तिथं दे माझ्याकडं. नीट चालवली तं किल्ली माझी. नाय चालवली तं तुझी. पुन्हा मागायचो नाय.’

‘खरंच?’

‘ड्रायव्हरचा शब्द हाय.’

त्यांनी मोकळ्या माळाची पैज लावली होती. मी ती मान्य केली आणि त्याच क्षणी मला कळलं की ते जिंकणार. मोकळ्या माळावर समोर बघून गाडी चालवणं त्यांना झोपेतही जमलं असतं. कडेला काहीच नसेल तर कडेचं दिसत नाही हे कळणार कसं?

मी कंपनीत तपासणी विभागात आहे. तयार माल कुठं मोडतो ते बघणं हे माझं काम. त्यासाठी मालाला मुद्दाम त्रास द्यावा लागतो, जिथं तो कच्चा असल्याचा संशय असेल तिथंच. हे मी रोज करतो, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नसतं. त्या आठवड्यात मी वडिलांचा विचार तसाच केला.

गर्दी नको म्हणून मी मधल्या वारी रजा टाकली. थंडीचे दिवस होते. खुलताबादहून वर चढताना गवत पिवळं पडलेलं होतं आणि वाऱ्यानं एकाच अंगाला झोपलेलं होतं. देवीच्या देवळापासून लांब, जिथं सहसा कुणी जात नाही तिथं आम्ही एका झाडाखाली सतरंजी टाकली. वडिलांचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांच्यासाठी घडीची खुर्ची सोबत असायची, निळ्या कापडाची. ती त्यांनी स्वतः पसंत केलेली होती. तिच्यावर बसून त्यांनी पोळी, भरीत आणि ठेचा खाल्ला, वर दही मागून घेतलं, हात धुतले, चष्मा पुसला. मग उठून गाडीभोवती फिरायला लागले. बस काढण्याआधी टायर बघायची त्यांची जुनी सवय. प्रत्येक चाकाला बुटानं ठोकून ते आवाज ऐकत होते.

तेवढ्यात मी त्यांची खुर्ची उचलली आणि माळावर नेऊन ठेवली. गाडी वळवल्यावर डाव्या अंगाला येईल अशी, गवताच्या कडेला.

बायको डबे भरत होती. ‘ती कशाला हलवली?’ तिनं विचारलं.

‘ऊन आलं होतं.’

खुर्ची सावलीत होती आणि मी ती उन्हात नेली होती. बायकोनं डब्याचं झाकण लावलं आणि पुढं काही विचारलं नाही.

वडील स्टिअरिंगवर बसले. मी शेजारी, हात हँडब्रेकवर. त्यांनी गाडी अशी काढली की कळलंही नाही. पहिला फेरा त्यांनी मोठा घेतला. खड्डा आला तेव्हा वेग आधीच कमी केला होता, गिअर बदलताना धक्का नाही, एका दगडाशी थांबवली ती हलकेच. ते खुशीत होते. ‘बघ,’ म्हणाले, ‘याला चालवणं म्हणतेत.’

दुसऱ्या फेऱ्यात त्यांनी गाडी खुर्चीच्या बाजूला वळवली. मला ती दिसत होती. बराच वेळ दिसत होती. निळं कापड वाऱ्यानं फुगत होतं. वडील समोर डोंगराच्या कडेकडं बघत होते, चेहरा अगदी निवांत. मी सांगू शकलो असतो. ब्रेकवर हात होता, तो ओढू शकलो असतो. मी सांगितलं नाही आणि ओढलाही नाही.

कर्रकन आवाज झाला. त्यांनी गाडी थांबवली.

‘काय व्हतं?’

‘खुर्ची.’

‘कुणाची?’

‘तुमचीच.’

ते उतरले, समोरून फिरून डावीकडं आले आणि बंपरखाली मुडपलेल्या नळ्या बघत उभे राहिले. मग म्हणाले, ‘म्याच ठिवली असंन हितं. जेवल्यावर.’

त्या वेळी मी ‘नाही’ म्हणालो असतो तर एवढं लिहायची वेळ आली नसती. मी खाली वाकलो आणि खुर्ची सोडवायला लागलो.

‘पोरगं असतं तिथं तं?’ ते म्हणाले. हे मला उद्देशून नव्हतं. त्यांनी किल्ली काढून बॉनेटवर ठेवली, डावीकडचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. ‘चल. तू घे.’

मी हे सगळं एका वाक्यात झाकून टाकत होतो, की निकाल खरा होता. त्यांना खुर्ची दिसली नाही. शहागंजमध्ये माणूस दिसला नसता. हे आजही खरं आहे. बायकोही तेच म्हणाली, ‘झालं ना काम? आता उकरून काढू नका.’ तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फोन वाजला की आधी नंबर बघायचं माझं थांबलं.

वडिलांनी शब्द पाळला. किल्लीकडं पुन्हा बघितलं नाही. उलट ही गोष्ट ते रंगवून सांगायला लागले. संध्याकाळी बागेत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना, घरी येणाऱ्या पाहुण्यांना, दूधवाल्याला. ‘आवो, स्वतःचीच खुर्ची उडवली म्या! जेवलो, उठलो, खुर्ची तिथंच इसरलो, आन तिच्यावरच गाडी घातली. म्हातारपण म्हंजे अजून काय असतं?’ लोक हसायचे. मी शेजारी असलो तर ते माझ्या मांडीवर थाप मारायचे. ‘ह्यानं तोंडातून शब्द काढला नाय. दुसरा असता तं बोलला असता बापाला.’

त्या गोष्टीत डोळे कुठंच नव्हते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यात फक्त विसरणं होतं.

मग घरात ते सुरू झालं. ‘सूनबाई, थेंब टाकले का गं मी?’ टाकलेले असायचे. गॅस बंद आहे का ते उठून दोनदा बघायचे. कुठं जायचं असलं की चप्पल घातल्यावर परत आत, आपण कशाला निघालो होतो ते विचारायला. कन्नडच्या मार्गावरचे सगळे थांबे ओळीनं म्हणणारा माणूस मधेच थांबून म्हणायचा, ‘जाऊ दे, चुकत असंन.’ बायको एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ‘त्यांना डोळ्यांचं समजावून सांगायचं होतं. त्यांनी डोक्याचं धरून ठेवलंय.’ एवढंच. मला दोष दिला नाही.

रविवार चालूच होते. उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही देवगाव रंगारीच्या बाजूला निघालो. काम काही नव्हतं, तिकडची भजी वडिलांना आवडतात. वेरूळ, कसाबखेडा मागं टाकलं. हा रस्ता त्यांच्या पायाखालचा, म्हणजे चाकाखालचा. आता तो रुंद झालाय, पुष्कळ झाडं गेली आहेत. ते समोर बघत होते आणि अंदाजानं सांगत होते.

‘आता डावीकडं विहीर येईल. चिंचंचं झाड हाय वर. आम्ही बस थांबवून पाणी प्यायचो तिथं. आली का?’

पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, त्याला दोन ट्रॉल्या. मी त्याच्याकडं बघत होतो. डावीकडं मान वळवायचा कंटाळा केला आणि म्हणालो, ‘नाही दादा. मोकळंच आहे.’

‘नाय?’

‘नाही.’

‘मंग माझंच चुकलं,’ ते म्हणाले. ‘आता काय, खुर्ची ठिवल्याली ध्यानात राहत नाय, विहिरीचं काय घेऊन बसलास.’

मी आरशात बघितलं. मागं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला चिंचेचं मोठं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी विहिरीचा कठडा.

मी गाडी थांबवली.

‘अरे, वळणावर थांबतेत व्हय?’ वडील ओरडले. ‘मागून ट्रक आला तं सगळेच जाऊ! घे पुढं!’

मी पुढं घेतली, सपाटीला आणून कडेला लावली. ‘दादा, विहीर आहे. चिंच पण आहे. मी बघितलंच नव्हतं.’

‘मंग आधी नाय कामून म्हणालास?’

‘तसंच. आणि ती खुर्चीसुद्धा मी ठेवली होती. म्हैसमाळला.’

मागच्या सीटवर बायकोचा हात पिशवीत होता, तो तिथंच राहिला.

‘कधी ठिवलीस?’ त्यांनी विचारलं.

‘तुम्ही टायर बघत होता तेव्हा.’

‘मुद्दाम?’

‘हो. डावीकडं. दिसते का ते बघायला.’

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. उसाचा ट्रॅक्टर दिसेनासा झाला. मग म्हणाले, ‘म्हंजे मी इसरलो नव्हतो.’

‘नाही.’

‘खुर्ची मी सावलीत ठिवली व्हती. मला ध्यानात व्हतं. ध्यानात असून बी मी म्हणायलो, नसंन ध्यानात.’

‘हो.’

त्यांचा चेहरा मोकळा झाला. ते मी स्वच्छ पाहिलं आणि क्षणभर वाटलं की झालं, सुटलो. मग त्यांना बाकीचं उमगत गेलं असावं. ते म्हणाले, ‘पैज मोकळ्या माळाची व्हती.’

त्यांच्या जिवाची काळजी होती, रस्त्यावरच्या लोकांची काळजी होती, हे सगळं म्हणता आलं असतं. त्यांनी ते मला विचारलं नव्हतं.

‘मामा, पाणी घ्या,’ बायको म्हणाली. त्यांनी बाटली घेतली, पाणी प्याले, परत दिली. देवगावात भजी खाल्ली. ते बायकोशी बोलले, भजीवाल्याशी बोलले, त्याच्या बापाची चौकशी केली. निघताना त्यांनी मागचं दार उघडलं.

‘सूनबाई, तू पुढं बस.’

त्यांनी घरी आरडाओरड केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ती केली नाही. बागेत खुर्चीची गोष्ट बंद झाली. कुणी गाडीचं विचारलं तर ‘डोळे गेले, सोडली,’ एवढंच सांगतात. थेंब टाकले का असं आता विचारत नाहीत. स्वतः टाकतात, डोळे मिटून बसतात, उठतात. गॅस बघायला उठणंही थांबलं. थांबे पुन्हा ओळीनं म्हणतात, मी खोलीत नसलो तर.

काही दिवसांनी त्यांनी बायकोला विचारलं, ‘सूनबाई, गाडी शिकतेस का?’

‘मी? या वयात?’

‘मी शिकवतो. क्लास बिस काय करायचं नाय. डोळे तुझे, बाकी माझं.’

सकाळी लवकर ते तिला मोकळ्या रस्त्यावर न्यायला लागले. पहिले काही दिवस मला गाडी तिथपर्यंत नेऊन द्यावी लागली, पुढं त्याचीही गरज राहिली नाही. ती घाबरट नाही हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. लायसन्स मिळालं तेव्हा वडिलांनी इमारतीत पेढे वाटले.

आता रविवारी गाडी ती चालवते. वडील तिच्या शेजारी आणि मी मागं, डब्याच्या पिशवीसोबत. मला ये म्हणाले नव्हते, येऊ नको असंही म्हणाले नाहीत. ते समोर बघतात आणि कडेचं तिला विचारतात. ती नीट सांगते. मी कधी सांगितलं नसतं इतकं नीट.

परवा दौलताबादच्या अलीकडं आम्ही हळू चाललो होतो.

‘डावीकडं काय हाय?’

‘पेरूवाली बसलीय मामा. टोपली आहे, छत्री आहे. तिच्या पलीकडं रिक्षा उभी आहे, रिकामी.’

‘लोकं?’

‘एकच गिऱ्हाईक. रस्त्यापासून लांब आहे.’

माझ्या बाजूच्या काचेतून मला एक कुत्रं दिसलं, रिक्षाच्या चाकाआड, रस्त्याकडं तोंड करून उठत असलेलं. तिच्या जागेवरून ते दिसत नव्हतं. ‘कुत्रं आहे,’ मी म्हणालो. ‘रिक्षाच्या मागं.’

वडिलांनी मान वळवली नाही. त्यांनी तिला विचारलं, ‘सूनबाई, हाय का कुत्रं?’

तिनं पुढं झुकून बघितलं. ‘हाय, मामा.’

‘मंग सावकाश घे,’ ते म्हणाले.